कोरा हात

माझ्या हातावर काहीच उठलं नाही म्हणून आमच्या घरी आनंद झाला होता. दादा कामावरून येताना गरम भजी घेऊन आला. वैनीनं कोपऱ्यात वेगळी ठेवलेली माझी ताटली, वाटी आणि तांब्या उचलून पुन्हा घरातल्या भांड्यांत मिसळला आणि आपल्या लहानग्या बेबीला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. कितीतरी दिवसांनी तिचं ते ऊबदार ओझं मांडीवर आलं होतं. टी.बी. नाही, असं आम्ही सगळे समजलो. मीसुद्धा.

तो आनंद चुकीचा निघाला. पण ती संध्याकाळ मला अजूनही आवडते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

आमचं घर

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सोलापुरात मुलींच्या एका शाळेत खेळाची बाई होते. आमचं गाव माळशिरसच्या बाजूला, माळावर. घर मेंढरांचं. आबा, म्हणजे माझे वडील, वर्षातले बरेच महिने कळप घेऊन रानोमाळ फिरत. आई मी लहान असतानाच गेली. थोरला दादा स्वतः शाळेत टिकला नाही, पण मला त्यानं हट्टानं शिकवलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तो यंत्रमागावर टॉवेल विणायचा आणि रोज सायकलनं जायचा-यायचा. त्याच्याच भाड्याच्या दोन खोल्यांत मी राहत होते.

वैनीचं नाव शांता. माहेरचं शांतव्वा. ती अक्कलकोटच्या पुढची, कानडी बोलीत वाढलेली, आईला अव्वा म्हणणारी, माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी. कामाला वाघ, बोलायला कमी. लग्नाआधी ती वर्षभर गुलबर्ग्याला मावशीकडं शिवण शिकायला होती, असं स्थळ आलं तेव्हा सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिला शर्टाचं बटणसुद्धा धड लावता येत नसे. दादा यावरून तिला कायम चिडवायचा, "गुलबर्ग्यात सुई-दोऱ्याची टंचाई व्हती काय गं?" ती हसून विषय बदलायची.

आणि मी खो-खो खेळायचे. नोकरी लागल्यावरही मुलींबरोबर मैदानात उतरायचे. खांबाजवळून वळसा घेऊन सूर मारायचा, जमिनीला समांतर, आणि पळतीच्या टाचेला हात लावायचा, यात मला जे सुख होतं ते दुसऱ्या कशात नव्हतं. आपल्या अंगावर माझा फार विश्वास होता. हे सांगते, कारण आजारपणात सगळ्यात आधी तोच गेला.

ताप

खोकला मला कधीच नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण टी.बी. म्हणजे खोकला आणि रक्त एवढंच आमच्या डोक्यात होतं. मला फक्त संध्याकाळी कणकण यायची. शाळा सुटेपर्यंत ठीक, घरी येईपर्यंत डोळे जळायला लागत. मग भूक गेली. पोलका खांद्यावरून घसरायला लागला. मैदानात एक दिवस मी सूर मारला आणि उठूच शकले नाही. मुलींना वाटलं, मी गंमत करतेय. त्या हसत थांबल्या होत्या.

गल्लीतल्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला आणि कॅप्सूल दिल्या. ताप थोडा उतरला, पुन्हा चढला. याच दिवसांत वैनीनं माझी भांडी वेगळी केली. काही न बोलता. सकाळी उठले तर माझी ताटली कोपऱ्यात पालथी घातलेली दिसली. बेबी माझ्याकडं यायला निघाली की वैनी तिला मागून उचलून घ्यायची. टायफॉइडला कुणी इतकं करत नाही. मला राग आला. मी दादाला बोलले, दादा तिला बोलला. ती म्हणाली, "लेकरू ल्हान हाय. ऱ्हाऊ द्या थोडे दिस." तिचा आवाज चढला नाही, पण भांडी मिसळली नाहीत.

शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंनी मला सरकारी दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. स्वच्छ. बेडका तपासायचा म्हणाले, तर बेडका येईचना. मग कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला, कातडीत एक बारीक टोचणी दिली. क्षयाच्या जंतूंपासून काढलेला अर्क असतो तो. त्यात जिवंत काही नसतं. तीन दिवसांनी तिथं गाठ उठली का ते बघायचं. आम्ही दाखवायला गेलो त्या दिवशी डॉक्टर रजेवर होते. तिथल्या एकानं माझा हात उजेडाकडं धरला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "काही नाही. कोरा आहे. जावा बिनघोर." डॉक्टर आले की येऊन जा, असंही तो म्हणाला, पण ते आमच्या कानात शिरलं नाही.

भज्यांची संध्याकाळ ती.

फोटोतली बाजरी

पुढच्या पंधरवड्यात माझं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. उजेड सोसत नव्हता, बोललेलं सोसत नव्हतं. दादानं रिक्षा आणली आणि मला पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. वैनी बेबीला शेजारी ठेवून बरोबर आली. गावाकडून आबाही त्याच दिवशी आले होते. मी आजारी असल्याचा निरोप त्यांना बाजारात कुणाकडून तरी मिळाला होता.

डॉक्टर निवृत्तीकडं झुकलेले, किडकिडीत, हळू बोलणारे होते. त्यांनी पुन्हा फोटो काढला आणि या वेळी तो खिडकीच्या काचेला लावून आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. दोन्ही फुप्फुसांवर वरपासून खालपर्यंत बारीक बारीक पांढरे ठिपके होते. सगळे सारखे.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, "बाजरी सांडल्यागत हाय."

"बरोबर. या प्रकाराला आमच्याकडंही बाजरीवरूनच नाव आहे. हा क्षयच आहे. फुप्फुसात एका जागी बसलेला नाही, रक्तातून सगळीकडं पसरलाय. पहिल्या फोटोच्या वेळी ठिपके दिसण्याइतके मोठे झाले नव्हते."

दादा गोंधळला. "पर सायेब, हात तर कोरा व्हता की. ते तुमच्यातले म्हनले चांगलं हाय म्हनून."

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. टोचणीची खूणसुद्धा राहिली नव्हती. ते म्हणाले, "आपल्याकडं मोठ्या माणसांत बहुतेकांचा हात उठतो. माझाही उठतो. हा जंतू लहानपणी कधीतरी अंगात शिरून गेलेला असतो. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याला ओळखून ठेवतात. मारू शकल्या नाहीत तरी कोंडून ठेवतात, आणि त्याला विसरत नाहीत. पुन्हा कधी त्याची चाहूल लागली की त्या जागी धावून येतात. टोचणीनं आम्ही तेवढंच बघतो. त्या धावून आल्या की गाठ उठते."

"मग माझा का नाही उठला?" मी विचारलं. मला बोलतानाही डोक्यात घण बसत होते.

"एक तर तुमची आणि त्या जंतूची गाठच पडली नसेल. पण मग हा फोटो असा आला नसता. दुसरं म्हणजे तुमच्या त्या पेशी इतक्या दमल्यात, की हाक मारली तरी हातापर्यंत यायला कुणी मोकळं नाही."

मग आबा म्हणाले, "म्हंजी कुत्री दमल्याती."

डॉक्टरांना कळलं नाही. आबांनी समजावून सांगितलं. आमच्या माळावर लांडगे असत. ज्या कुत्र्यानं एकदा लांडगा बघितलाय, ते नुसत्या वासानं उठून उभं राहतं. पण रात्रीमागून रात्री लांडगे यायला लागले, की तेच कुत्रं दमून मेंढरांत पडून राहतं, अंगावरून लांडगा गेला तरी उठत नाही.

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाले.

"मग राखन कोन करनार?"

"औषध करील. कुत्री पुन्हा उठेपर्यंत. पण आज इथंच ठेवा यांना. उशीर फार झाला नाही, पण आणखी झालेला चालणार नाही."

हल्ली वर्तमानपत्रांत या पेशींना स्मृतिपेशी म्हणतात. त्यांच्याबद्दल आता पुष्कळ कळलंय म्हणे. मला मात्र तो शब्द वाचला की आबांचं ते बोलणंच आठवतं.

वॉर्ड

बायकांचा वॉर्ड लांबट होता. खिडक्या कायम उघड्या. सकाळी चहा यायचा, आपापल्या फुलपात्रात घ्यायचा. मग इंजेक्शनची गाडी. सुया उकळत ठेवलेल्या भांड्याचा खडखड आवाज आधी यायचा आणि सगळ्या बायका न सांगता कुशीवर वळायच्या. स्ट्रेप्टोमायसिनची रोजची सुई. मागची जागा दगडासारखी टणक झाली. सोबत गोळ्या, आणि एक पूड होती, ती पाण्यात घालून प्यायची. तिची चव मी सांगणार नाही. ज्यांनी घेतली त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना आता गरज नाही.

पहिले काही दिवस मला नीट आठवत नाहीत. दुखणं मेंदूपर्यंत गेलंय का, हे बघायला डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढलं. वाचले. नुसतं दारापर्यंत येऊन थांबलं होतं म्हणे. भीती वाटली का, असं लोक विचारतात. त्या दिवसांत भीती वाटण्याइतकी शुद्धच नव्हती. भीती नंतर आली, बरं वाटायला लागल्यावर. छताकडं बघत पडलेलं असताना वाटायचं, आत ते ठिपके आत्ता काय करत असतील.

शेजारच्या खाटेवर नरसम्मा होती, विड्या वळणारी, तेलुगू घरातली. दुसऱ्यांदा दाखल झाली होती. पहिल्या खेपेला चार महिन्यांत ताप गेला, वजन भरलं, म्हणून तिनं गोळ्या सोडल्या. "बरं वाटलं, सोडून दिलं," असं ती हात झटकून सांगायची, जणू विडी विझली म्हणून टाकली. ती मला रोज गोळी गिळताना बघायची आणि जीभ वर करून दाखवायला लावायची. ही एक गोष्ट मी वाचणाऱ्यांना कळकळीनं सांगते. बरं वाटणं आणि बरं होणं यांत बरंच अंतर आहे. औषध डॉक्टर म्हणतील तेव्हाच सोडा.

भेटायला येणारे लोक लांब उभे राहत. शाळेतल्या सहकारी दारातून हात करून जायच्या. मी त्यांना दोष देत नाही. पण एक दिवस मोठ्या बाई आल्या, त्यांना सिस्टरनं स्टूल दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं आणि सरळ माझ्या खाटेवर बसल्या. माझ्या पायावर हात ठेवून शाळेतल्या गोष्टी सांगत राहिल्या. त्यांनी आजाराचं एकही वाक्य काढलं नाही. त्या गेल्यावर मी खूप वेळ रडले.

आबा आठवड्याच्या आठवड्याला शेळीचं दूध घेऊन येत. वॉर्डात शिरताना पटका काढून काखेत धरत, देवळात शिरल्यासारखे.

वैनीचा हात

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना टोचणी घ्यायला सांगितली होती. मी खोकणारी रुग्ण नव्हते, माझ्यापासून इतरांना धोका कमी, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बेबीच्या दंडावर क्षयाच्या लसीचा व्रण होता, तिची छातीही साफ होती. वैनीचा जीव खाली पडला. तरीही मोठ्यांचे हात बघायचे ठरले.

दादाचा उठला. आबांचा उठला. दोघांनाही डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, असं बहुतेकांचं असतं. वैनी हात दाखवायला पुढंच येईना. पदराखाली लपवून उभी राहिली. डॉक्टरांनी दोनदा सांगितल्यावर तिनं हात काढला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाला होता आणि मधल्या गाठीवर पाण्याचे फोड आले होते.

डॉक्टरांनी तो हात जरा वेळ बघितला. "आधी कधी औषधं घेतलीत? इंजेक्शनं?"

"न्हाई," वैनी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, दादाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. "एकदा फोटो काढून घ्या सवडीनं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी आली. माझ्यासाठी भाकरी आणि वांग्याचं कालवण आणलं होतं. मला वाढून देऊन ती खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली.

"वन्सं, मला शिवन येत न्हाई," ती म्हणाली.

मी हसले. "ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, वैनी."

"मी शिकलेच न्हाई. गुलबर्ग्यात दवाखाना व्हता. हेच इंजेक्शन. हीच पूड." ती खाली बघून बोलत होती. "रगत पडायचं मला. साळंतनं काढलं. अव्वानं सगळ्यास्नी सांगितलं, शिवन शिकाया गेली. बरी झाले, फोटो साफ आला, मग तुमचं स्थळ आलं. अव्वानं शपथ घातली, सांगायचं न्हाई म्हनून."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मला ती वेगळी काढलेली ताटली आठवली. संध्याकाळचा ताप, गेलेली भूक, सैल पोलका. माझ्यात हे सारं चालू असताना या घरात फक्त तिलाच ते ओळखता आलं होतं. आणि ओळखलं हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

"तुमाला मीच दिलं का, वन्सं?" तिनं विचारलं. एवढं विचारायलाच ती आली होती.

खरं सांगायचं तर, क्षणभर माझ्याही मनात तेच आलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारते. तुझं नाव न घेता."

विचारलं. संध्याकाळच्या फेरीला, आबा दुधाची किटली घेऊन बसलेले असताना. बरी झालेली एखादी व्यक्ती घरात असेल तर तिच्यापासून होतं का?

डॉक्टर समजले असावेत. म्हणाले, "औषध पुरं घेतलं असेल आणि फोटो साफ असेल तर नाही. तुमचा जंतू बहुधा फार जुना आहे. लहानपणी अंगात शिरलेला आणि कोंडून पडलेला. घरात तेव्हा कुणी खूप दिवस खोकत होतं का?"

"हिची आई," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. आई बाळंतरोगानं गेली, असंच मला माहीत होतं.

"दोन हिवाळे खोकत व्हती. आमी खोकलाच म्हनायचो. नाव कुनी घेतलं न्हाई त्याचं. ही तवा अंगावर पीत व्हती." आबांनी किटलीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "लांडगा म्हनलं तर लांडगा येतोय, असं म्हनायची तवा मानसं."

डॉक्टर म्हणाले, "तरीसुद्धा कुणाकडून आलं, हे छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. तुम्हीही फार शोधू नका. त्यानं औषध बदलत नाही."

मी वैनीला दुसऱ्या दिवशी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या केसांत बोटं घालून जटा सोडवायला लागली. आजारपणात माझे केस फार गळत होते. वेणी घालताना ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत राहिली, गुलबर्ग्याच्या दवाखान्याबद्दल, तिथल्या चिंचेच्या झाडाबद्दल. इतकी वर्षं हे सारं तिनं कुणापाशी काढलं नव्हतं.

बरं होताना

घरी आले तरी औषध दीड वर्ष चाललं. सुयांनी माझ्या कानांत सारखी शिट्टी वाजायला लागली आणि तोल गेला. अंधारात मला सरळ चालता येत नसे, भिंत धरावी लागे. सुई बंद केल्यावर शिट्टी थांबली, तोल पूर्ण कधी आला नाही. मैदानात जाऊन एकदा खांबाला वळसा घालून बघितला. जमीन फिरली आणि मी बसले. त्यानंतर मी पंच झाले, मुलींना शिकवलं, पण सूर पुन्हा मारला नाही. याचं दुःख झालं, अजून होतं. जीव वाचला त्यापुढं हे काय, असं लोक म्हणतात. ते त्यांनी म्हणू नये.

मधे एकदा डॉक्टरांनी मला तीच टोचणी पुन्हा दिली. औषधोपचाराला त्याची गरज नव्हती, त्यांना स्वतःला बघायचं होतं. दुसऱ्याच दिवशी हाताला खाज सुटली. तिसऱ्या दिवशी बोरासारखी लाल गाठ. मी ती गाठ घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी अंगठ्यानं तिची कड चाचपली आणि ते पहिल्यांदाच हसताना दिसले.

"आठवण आली म्हणायची," ते म्हणाले.

मी गावी निरोप धाडला. आबांनी परत सांगावा धाडला, कुत्री उठली हे बरं झालं, पण गोळ्या चालू ठेवाव्यात.

स्थळ

गोळ्या संपल्या त्या वर्षी माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा जेऊरकडचा, ग्रामसेवक. आबा त्यासाठी गावाहून आले होते. जेवायला बसलो असताना दादा म्हणाला, "मंजुळाच्या आजाराचं तिथं काडायचं न्हाई. बरी झालीया ती. झालं गेलं."

आबा गप्प होते. म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं. मला काय वाटतं, ते कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा लपवणं सोपं वाटत होतं.

वैनी भाकरी थापत होती. तिनं परातीत हात तसाच ठेवला. "लपवू नगासा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" दादा म्हणाला.

"मलाच कळतंय," ती म्हणाली. आणि तिनं सांगितलं. गुलबर्गा, दवाखाना, अव्वाची शपथ, सगळं. रडली नाही. तव्यावरची भाकरी जळायला लागली तशी मधेच ती उलटली आणि पुढं बोलत राहिली. "साधं पडसं झालं तरी मी न्हानीत जाऊन खोकते, तांब्या वाजवत. तुमास्नी ऐकू जाऊ नये म्हनून. वन्संला असं जगायला लावू नगासा."

दादानं ताटात हात धुतला आणि उठून सायकल काढली. कामाच्या पाळीची वेळ झाली नव्हती, तरी गेला.

आबा बसून राहिले. मग तिला म्हणाले, "पोरी, तू आमच्या घरात आलीस त्या वर्साला मला कुनी सांगितलं असतं, तर मी न्हाई म्हनलो असतो." मग ताट बाजूला सारून, "आनि चुकलो असतो."

जेऊरच्या लोकांना मी स्वतः सांगितलं. त्यांचा पुन्हा निरोप आला नाही. वाईट वाटलं, पण नहाणीत जाऊन खोकण्यापेक्षा कमीच.

दादा किती तरी दिवस वैनीशी बोलला नाही. डबा घ्यायचा, जायचा, यायचा, बेबीला खेळवायचा. वैनी त्याचं सगळं करत होती आणि वाट बघत होती. माहेरी पाठवतील, असं तिनं मनात धरलं होतं. तिनं एक पिशवीही भरून ठेवली होती.

मग एका सुट्टीच्या सकाळी दादा दारात सायकल उलटी करून चेनीला तेल घालत होता. वैनी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी आत बेबीची वेणी घालत होते.

दादानं मान वर न करता विचारलं, "त्या वर्साला तुझ्याजवळ कोन व्हतं? दवाखान्यात?"

वैनी म्हणाली, "मावशी यायची ऐतवारी. बाकी दिस तिला काम असायचं."

"मंग एकलीच."

"व्हय."

तो बराच वेळ सायकलचं पायडल फिरवत राहिला. चेन आता नीट फिरत होती, तरी फिरवत राहिला.

"हितनं फुडं खोकला आला तर सांगायचं," तो म्हणाला.

"सांगते की," वैनी म्हणाली, आणि सुपातला खडा उचलून रस्त्यावर टाकला.